औषध पेशीत शिरतं, पण टिकतं का?

दाहक त्वचारोगात स्टेरॉइड लागू पडत नसेल, तर पहिली शंका मात्रेवर जाते आणि दुसरी रुग्णाच्या नियमितपणावर. दोन्ही शंका बहुतेकदा रास्तच असतात. तिसरी शक्यता सहसा कोणी तपासत नाही: औषध पेशीपर्यंत पोचतं, पण पेशी ते बाहेर फेकते.

हे काम पेशीपटलातले एबीसी नावाच्या प्रथिनांच्या कुळातले पंप करतात, एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून. त्यातलं पी-ग्लायकोप्रोटीन 1976 मध्ये कॉल्चिसिन या गाऊटवरच्या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत सापडलं. ते औषधाला पेशीपटलाच्या स्निग्ध थरातच गाठतं, म्हणून आतल्या द्रवात पोचण्याआधीच बरेचसे रेणू परतवले जातात. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं आणि सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हे सगळे त्याचे प्रवासी. मेथोट्रेक्सेट हे दाहावरचं आणखी एक औषध मात्र मुख्यतः त्याच कुळातल्या एमआरपी आणि बीसीआरपी या पंपांतून निघतं. पेशीतल्या एन्झाइमने त्याला ग्लुटामेटचं शेपूट जोडलं की ते बाहेर पडणं अवघड होतं. शेपूटवाले रेणू साठायला वेळ लागतो. आठवड्यातून एकदाच्या डोसचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात, त्याचं हे एक कारण.

‘त्वचेत पंप वाढले’ या वाक्याला मात्र फारसा अर्थ नाही. कुठल्या पेशीत वाढले? बायोप्सीचा अख्खा तुकडा वाटून पंपाचा आरएनए (जनुकाचा संदेश) मोजला, तर केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी), रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि टी-पेशी (प्रतिकारक पांढऱ्या पेशी) यांची खिचडी मोजली जाते. 2014 मध्ये मानवी टीएच-17 या दाह चेतवणाऱ्या टी-पेशींचा पी-ग्लायकोप्रोटीन असलेला एक गट दाखवला गेला. तो अधिक दाहकारक होता आणि स्टेरॉइडला जुमानत नव्हता. क्रोन रोगाच्या सुजलेल्या आतड्यात अशा पेशी जास्त होत्या. सोरायसिसही आयएल-23 हा संदेशरेणू आणि टीएच-17 यांच्याच वाटेने चालतो, म्हणून तिथेही तेच घडतं असं मानायची ओढ वाटते. पण आतड्यातला निष्कर्ष जसाच्या तसा त्वचेवर चिकटवू नये.

मग पंपच बंद करायचा का? इतकं सोपं नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला तोच पंप घातक रेणूंना बाहेर ठेवतो. शिवाय हे पंप फक्त औषधच फेकतात असं नाही. मास्ट पेशीत (ॲलर्जीतल्या प्रतिकारक पेशीत) तयार झालेलं ल्युकोट्राईन सी4 हे दाहाचं रसायन एमआरपी1 मधून बाहेर येतं, एमआरपी4 प्रोस्टाग्लँडिन ई2 हे तसंच रसायन बाहेर काढतो. एमआरपी1 नसलेल्या उंदरांत त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीला खबर देणाऱ्या) लसीका ग्रंथींकडे नीट निघतच नाहीत. एकच पंप एका पेशीत औषधाचा शत्रू, तर दुसरीत दाहाचा निरोप्या.

सायक्लोस्पोरिनची गंमत वेगळीच: ते स्वतः प्रवासी असूनही पी-ग्लायकोप्रोटीन अडवतं. त्यामुळे डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि कॉल्चिसिनची रक्तातली पातळी चढते. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल तर कॉल्चिसिनसोबतची ही जोडी टाळायचीच.

पंप खरंच चालतो का, हे ऱ्होडामाइन 123 या चमकणाऱ्या रंगाने पाहता येतं: चालता पंप तो बाहेर फेकतो. लिम्फोसाइट (टी-पेशी, एनके पेशी अशा पांढऱ्या पेशी) 37 अंशांवर साधारण 30 मिनिटं रंगात ठेवायच्या, गार द्रावणाने धुवायच्या, मग रंगाविना पुन्हा 37 अंशांवर 60 ते 90 मिनिटं. या टप्प्यात एका नळीत वेरापामिल (पंप अडवणारं औषध), दुसरीत तेवढंच डीएमएसओ (नुसतं विद्रावक), तिसरी ‘शून्य वेळेची’ नळी धुतल्यापासूनच बर्फात. प्रयोग फसतो तो बहुधा पेशींचे प्रकार ओळखायला अँटिबॉडी लावताना: नळी टेबलावर राहिली की पंप चालूच राहतो आणि ‘शून्य वेळेची’ नळीही रिकामी होऊ लागते. अँटिबॉडी बर्फावरच लावायची, आणि एफआयटीसी हा हिरवा रंग जोडलेली वापरायची नाही, कारण ऱ्होडामाइनही मोजणाऱ्या यंत्राच्या त्याच चॅनेलमध्ये चमकतो. हा रंग मायटोकाँड्रियात साठतो. मरणाऱ्या पेशी तो धरून ठेवत नाहीत आणि पंप जोरात असल्याचा भास होतो. म्हणून मृत पेशी आधी गाळायच्या. एनके (नॅचरल किलर) पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन मुळातच भरपूर असतं. त्याच नमुन्यातल्या एनके पेशींनी रंग फेकला नाही, तर टी-पेशींचे आकडे वाचायच्या फंदात पडू नये.