फवारणी वही: या खेपेला पहाटे पाचची टेस्ट

द्राक्षबागेच्या फवारणी नोंदींचं माझं जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) अॅप या महिन्यात दिसायला होतं तेवढंच आहे. नवीन पान एकच, पण टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, बऱ्याच लिहून झाल्या. त्यातली एक सगळ्यांनी आपापल्या प्रोजेक्टवर चालवून बघावी.

दिंडोरी-निफाडकडे ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) पहाटेच निघतो, ऊन चढायच्या आत फवारणी उरकलेली बरी. समजा १० जानेवारीला पहाटे ५ वाजता मोबाईलवरून नोंद केली. आपली वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडे अजून ९ तारखेचे रात्रीचे साडेअकराच वाजलेत. टाइमझोन सपोर्ट चालू असला की जँगोचं टाइमझोन.नाउ() यूटीसीतली वेळ देतं, त्याला थेट .डेट() लावलं तर नोंद पडते ९ तारखेवर. किराणा हिशेबात हे खपेलही. इथे नाही. औषध मारल्यावर काढणीला किती दिवस थांबायचं, ते याच तारखेपासून मोजतात. एक दिवस आधी 'काढणीला हरकत नाही' असं दिसलं आणि माल एक्स्पोर्टचा असला, तर पुढे रेसिड्यू (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची) तपासणी आहेच.

उपाय सोपा: टाइमझोन.लोकलडेट(), ते आपल्याकडची तारीख देतं. पण दुपारी चालवलेली टेस्ट दोन्ही कोडना पास करते, म्हणून मॉकच्या पॅचने (टेस्टपुरतं खऱ्या फंक्शनच्या जागी खोटं बसवून) नाउ() पहाटे पाचवर खिळवायचं आणि मग तारीख तपासायची. मुद्दाम जुना कोड घालून टेस्ट लाल (नापास) होते का, तेही बघा. लाल न होणाऱ्या टेस्टवर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट एसएमएसची. नोंद सेव्ह झाली की बागायतदाराला मेसेज जातो, तो ऑन_कमिटमध्ये टांगलाय, म्हणजे डेटाबेसमध्ये बदल पक्का (कमिट) झाल्यावरच जातो. जँगोचा टेस्टकेस क्लास प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करतो, म्हणजे सगळे बदल मागे घेतो. कमिट होतच नाही, मग मेसेजचं फंक्शनही चालत नाही. त्यासाठी कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स आहे, जँगो ३.२ पासून. त्याला एक्झिक्यूट=ट्रू द्यायला विसरू नका, नाहीतर कॉलबॅक (कमिटनंतर चालायची फंक्शन्स) नुसते गोळा होतात, चालत नाहीत.

वेगाचं म्हणाल तर प्लॉट, औषधं असा न बदलणारा डेटा सेटअपटेस्टडेटात (दर टेस्टला नाही, क्लासमागे एकदाच चालतं) हलवला आणि टेस्ट सेटिंग्जमध्ये पासवर्ड हॅशर एमडी५ केला (फक्त टेस्टमध्ये हं!). जँगोचा नेहमीचा हॅशर (पासवर्ड ओळखू न येणाऱ्या रूपात बदलणारा कोड) मुद्दामच संथ ठेवलेला असतो, म्हणजे पासवर्ड ओळखून काढणं अवघड जावं.

कव्हरेजचा आकडा (टेस्टमध्ये किती टक्के कोड चालला तो) मी बघणं सोडलंय. अॅडमिनची पानं टेस्ट करून तो फुगवता येतो, त्यात पहाटेची तारीख सापडत नाही.

रविवारी नाशिकला गंगापूर रोडला बसू तेव्हा असर्टनमक्वेरीज (डेटाबेसला किती क्वेरी गेल्या ते टेस्टमध्ये तपासणारं) घेऊ. प्लॉटच्या यादीत दर ओळीमागे एक क्वेरी जातेय, असा मला संशय आहे. लॅपटॉपवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच टाकून या. सिलेक्ट_फॉर_अपडेटही (ओळी आपलं काम होईपर्यंत लॉक करणारं) बघायचंय आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर त्याचा काही परिणामच होत नाही.