डोळा समोरून, नाक कडेने: एआयकडून इजिप्शियन भित्तिचित्र काढून घेताना

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला द्यायच्या वर्णनात, ‘एन्शंट इजिप्शियन’ एवढं लिहिलं की चित्र काढणाऱ्या मॉडेलला कबरीतली भिंत आठवत नाही, ट्रॅव्हल एजंटचं पोस्टर आठवतं. पिरॅमिड, सोनेरी मुखवटा, मावळतीचं वाळवंट. शेवटी ‘इजिप्त’ हा शब्दच काढला आणि भिंतीवर जे दिसतं तेच लिहिलं: सपाट टेम्परा रंग, गेरूची बाह्यरेषा, पांढुरकी पार्श्वभूमी, एकाखाली एक आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात जमिनीची एक रेघ. निगेटिव्हमध्ये, म्हणजे काय नको त्या यादीत, शेडिंग, ग्रेडियंट, थ्रीडी, पर्स्पेक्टिव्ह, सोनं आणि तडे. तडे विसरू नका. नाहीतर जुनं दाखवायचं म्हणून सगळी भिंत फुटलेली येते.

काळही एकच धरा. मी अठराव्या राजवंशातलं थीब्ज शहर धरलं, म्हणजे इ.स.पू. १३५० च्या आसपासची, नेबामुन या हिशेबनीसाची कबर. तिची चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळ न ठरवता गेलात तर नेफर्तितीचा निळा मुकुट घालून कुणीतरी ‘मृतांच्या ग्रंथा’त उभं राहतं. लोरासाठी, म्हणजे मॉडेलला एक शैली शिकवणाऱ्या छोट्या जोडफाइलीसाठी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या ओपन ॲक्सेसमधल्या, नीना आणि नॉर्मन डेव्हिस यांनी कबरींत बसून केलेल्या प्रतिकृती घेतल्या. पंचवीस पुरल्या.

इथवर काहीच अडलं नाही. अडलं ते माणसावर, आणि असं अडलं की बाकी सगळ्या कामाला लागला त्याच्या दुप्पट वेळ एका उभ्या माणसाने खाल्ला.

इजिप्शियन आकृतीत चेहरा कडेने, डोळा पूर्ण समोरून, खांदे समोरून, कंबरेपासून खाली पुन्हा कडेने. आपल्याला हे परकं नाही. पिंगुळीच्या चित्रकथीतही चेहरा कडेने आणि डोळा टपोरा, पुरता. पण मॉडेल शिकलंय फोटोंवर. कडेचा चेहरा म्हणजे कडेचाच डोळा, हे त्याच्या डोक्यात पक्कं. प्रॉम्प्टमध्ये ‘फ्रंटल आय’ लिहिलं तर ते आख्खा चेहराच आपल्याकडे वळवतं. ‘प्रोफाइल’ला वजन वाढवलं तर खांदे वळतात आणि माणूस दाराच्या फटीतून शिरल्यासारखा चपटा होतो. दोन्ही लिहिलं तर पाऊण चेहरा. बियाणं, म्हणजे सीड, बदलून बदलून शंभर चित्रं काढली तरी एखादंच बरं निघतं, आणि त्याच्या हातात बाणाऐवजी चमचा असतो.

मग वाटतं, हाडांचा सापळा देणारा पोझ कंट्रोलनेट लावावा. कंट्रोलनेट म्हणजे चित्राला आपण दिलेल्या आकारात धरून ठेवणारं जोडसाधन. लावा, पण फार आशा ठेवू नका. पलीकडचा डोळा आणि कान यांचे बिंदू पुसले की चेहरा कडेला जातो, खांदे समोर राहतात, तिथवर छान. पण डोळ्याचा आकार सापळ्यात नसतोच, तो एका ठिपक्याचा असतो. पावलांचंही तेच.

इलाज जुनाच निघाला: चौकटी. थीब्जचे चित्रकार भिंतीवर गेरूत बुडवलेली दोरी ताणून फटकारायचे आणि चौकोन पाडायचे. उभी आकृती तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन, बसलेली १४. डोक्याचा माथा मोजत नाहीत, कारण वर टोप, मुकुट काहीही येऊ शकतं. गुडघ्याचा वरचा काठ ६ व्या रेषेवर, नितंबाची खालची कड ९ वर, पाठीचा खळगा ११ वर, स्तनाग्र १४ वर, मान खांद्याला मिळते ती १६ वर. पुरुषाचे खांदे साधारण ६ चौकोन रुंद, बाईचे ४ ते ५.

१०२४ बाय १०२४ च्या कॅनव्हासवर चौकोन ४८ पिक्सेलचा घ्या. १८ चौकोनांचे ८६४. खाली ६४ पिक्सेल जमिनीला, वर ९६ टोपाला. उंच मुकुट असेल तर ८३२ बाय १२१६ घ्या. या जाळीवर रेषाचित्र स्वतः काढायचं. चित्रकला येत नसली तरी चालतं, रेषा मोजूनच काढायच्या असतात. जाळी पुसून नुसतं रेषाचित्र लाइनआर्ट कंट्रोलनेटला द्या: ताकद ०.८५, आणि शेवट, म्हणजे किती पायऱ्यांपर्यंत त्याची पकड राहते तो आकडा, ०.९ पर्यंत. शेवट ०.५ वर सोडला तर उरलेल्या पायऱ्यांत मॉडेल हळूच डोळा ‘सुधारून’ ठेवतं. मला सगळ्यात जास्त संताप याच आकड्याने आणला.

तरीही डोळा लिबलिबीत येतो. मॉडेल चित्र आठपट लहान करून त्यावर काम करतं. ४८ पिक्सेलचा चौकोन आत जेमतेम ६ घरांचा उरतो, आणि डोळा त्याहून लहान. म्हणून चेहऱ्यावर मास्क टाका, तेवढाच भाग मोठा करून इनपेंट करा, म्हणजे पुन्हा काढून घ्या, डीनॉइझ (जुनं किती बदलायचं तो आकडा) ०.४ च्या आसपास, लाइनआर्ट चालूच ठेवून. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानाकडे जाणारी काजळाची पट्टी सरळ, एका जाडीची आली की समजा जमलं.

पावलं: जुन्या पद्धतीत दोन्ही आतल्या बाजूने दिसतात, अंगठा आणि कमान, म्हणजे दोन्ही पावलं एकाच पायाची. मॉडेल इमानदारीत पाच-पाच बोटं काढतं. तीही मास्क टाकूनच घालवावी लागतात.

हो, रंगाचं राहिलंच. पुरुष तांबूस तपकिरी, बाई फिकट पिवळी, देवांत ओसिरिस हिरवा, अनुबिस काळा. शेवटी सगळं चित्र सात-आठ रंगांवर आणून सपाट करा. इजिप्शियन निळा तांबं, चुना आणि वाळू भाजून केलेला रंग आहे, त्यात आकाशाची छटा येता कामा नये.

चित्रलिपी मॉडेलकडून काढून घेऊच नका. ते पक्षी-साप-डोळे दिसतील असं काहीतरी गिरवतं, वाचता येणारं नव्हे. उभे रकाने कोरे ठेवा आणि नोटोचा चित्रलिपीचा फाँट किंवा चित्रलिपी लिहायचं जेसेश हे सॉफ्टवेअर वापरून खरा मजकूर बसवा. ‘हेतेप-दी-नेसू’ हे दानाचं सूत्र कबरीत जागोजागी असतं, तिथून सुरुवात करा. पक्षी, माणसं ज्या दिशेला तोंड करून आहेत तिकडून वाचायचं, आणि मजकूर ज्या आकृतीबद्दल आहे, तिच्याच दिशेला चिन्हांचंही तोंड. आकृती आडवी उलटवलीत तर लिपीही सोबत उलटवा.

मेलेल्याचं हृदय तोलून त्याचा निवाडा करण्याचा प्रसंग एका प्रॉम्प्टमध्ये मागू नका. तराजू, अनुबिस, लेखणी घेतलेला थोथ देव वेगवेगळे काढून एका रेघेवर जोडा. दोषी हृदय गिळणारी अम्मित सगळ्यात शेवटी: डोकं मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. एका दमात मागितली की ड्रॅगन येतो, पंखांसकट.