तीन लँगफर्ड, दोन फिशरटन

इंग्लंडमधल्या वायली नदीच्या खोऱ्यात रेल्वेगाडी थांबत नाही. सॉल्झबरीहून वॉर्मिन्स्टरकडे जाताना ती नदीच्या कडेनं विशफर्ड, वायली, कॉडफर्ड मागे टाकत सुसाट निघून जाते. तिथली स्टेशनं १९५५ मध्येच बंद झाली. आता बस, नाहीतर दोन पाय. पण पूर्वजाचं जन्मगाव शोधायचं असेल तर आधी या खोऱ्यात यायचंच नाही, आधी चिपनमला जायचं. विल्टशर या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, चर्चची जुनी रजिस्टरं तिथल्या हिस्ट्री सेंटरमध्ये आहेत, स्टेशनपासून अगदी जवळ. थेट गावात गेलात तर हाती लागेल ते गवत आणि वाचता न येणारे दगड. शेतमजुराच्या वाट्याला दगडही क्वचितच आला.

आम्ही शोधत होतो तो एक मेंढपाळ. १८४१ च्या जनगणनेत त्याचं वय ४० लिहिलंय. ते ४० धरून चालू नये, कारण त्या वर्षी १५ च्या वरचं वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. ४४ असला तरी ४०च. जन्मस्थळाच्या रकान्यातही फक्त 'याच काउंटीत का?' एवढंच. पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचं, नाव पहिल्यांदा मिळतं ते १८५१ मध्ये. तिथे आमचा माणूस सांगतो 'लँगफर्ड', दहा वर्षांनी 'फिशरटन', त्यानंतर 'वायली'.

लोक इथेच वैतागतात. पण त्याला खोटारडा ठरवायची घाई नको. लहानपण जिथलं आठवतं ते गाव माणूस सांगतो, आणि गणनेवाला कानावर पडेल ते लिहितो. त्यात या खोऱ्यात लँगफर्ड तीन: स्टीपल, हँगिंग आणि लिटल. आपल्या बुद्रुक-खुर्दसारखाच प्रकार. हँगिंग लँगफर्डला स्वतःचं पॅरिश नाही, ते स्टीपलमध्ये मोडतं, त्यामुळे तिथल्या पोराचा बाप्तिस्मा नदीपलीकडे शोधावा लागतो. फिशरटन दोन: वायलीशेजारचं डेलामेर, आणि सॉल्झबरीला चिकटलेलं अँगर. नुसतं 'फिशरटन' वाचून अँगरची रजिस्टरं उपसत बसलात तर दिवस गेला.

त्याच्या जन्मस्थळापेक्षा त्याच्या मुलांची जन्मस्थळं कामाची. १८५१ च्या पानावर ती एकाखाली एक आहेत: कॉडफर्ड, स्टॉक्टन, पुन्हा कॉडफर्ड, मग विशफर्ड. वयांसकट वाचलं की बापाचा माग लागतो. शेतावरची नोकरी वर्षाच्या बोलीवर असे आणि बदल बहुधा मायकलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरला. इथली पॅरिशं म्हणजे नदीकाठच्या कुरणापासून खडूच्या टेकडीपर्यंत गेलेल्या अरुंद पट्ट्या, प्रत्येकीला थोडं पाणी, थोडी नांगरट, वर मेंढ्यांचं रान. बिऱ्हाड एखाद-दोन मैल हललं की पॅरिश बदललं. म्हणून नकाशावर पाच मैलांचं वर्तुळ काढा आणि आतली सगळी पॅरिशं बघा.

१८१३ पासून बाप्तिस्म्याचे छापील रकाने आहेत, त्यात बापाचा धंदा आणि राहतं ठिकाण मिळतं. त्याआधी बहुतेकदा मूल आणि आईबाप एवढंच. त्यामुळे नाव जुळलं म्हणून नाचू नका. पुढच्या चार-पाच वर्षांची दफनं चाळा. आम्हाला स्टीपल लँगफर्डला अगदी हवा तसा मुलगा सापडला आणि अकरा महिन्यांनी त्याचं दफनही. हा टप्पा गाळल्यानं कित्येक वंशावळी मेलेल्या बाळांवर उभ्या आहेत. पान फाटकं किंवा पुसट असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल मागवा. तीही चिपनमलाच असते, आणि कधी मूळ नोंदीपेक्षा चार शब्द जास्त देते. लग्नाच्या नोंदीतल्या 'याच पॅरिशचा' या शब्दांवर फार विसंबू नये. लग्नाच्या घोषणा चर्चमध्ये तीन रविवार होत, तेवढ्यापुरतं राहिलेल्यालाही ते लिहिलं जाई.

खरा खजिना गरिबांच्या कागदांत. १६६२ च्या कायद्यानं गरजूला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या, म्हणजे कायद्यानं तो जिथला ठरे त्या, पॅरिशवर आली. मग दोन मॅजिस्ट्रेटांसमोर जबानी: जन्म कुठला, कोणाकडे सालभर राहिलास, पगार किती. अविवाहितानं पूर्ण वर्ष चाकरी केली की तिथला हक्क मिळे, म्हणून काही मालक वर्ष भरायच्या आत हिशेब चुकता करत. या जबान्या सगळ्या गावांच्या उरलेल्या नाहीत, आणि त्या शोधायच्या जिथे माणूस अडचणीत आला त्या गावाच्या पेटाऱ्यात, जन्मगावाच्या नव्हे. आम्हाला ती विशफर्डच्या कागदांत मिळाली. हिस्ट्री सेंटरमध्ये फोमच्या उशीवर कागद, पान दाबायला कडेला शिशाची माळ, हातात फक्त पेन्सिल (पेन आत नेऊ देत नाहीत). जन्म लिटल लँगफर्डचा, 'ऐकून माहीत आहे त्याप्रमाणे', आईचं लग्न झालेलं नव्हतं. अनौरस मुलाचा हक्क तेव्हा जन्मल्या जागी लागे, त्यामुळे गावकारभारी गरोदर बाईला हद्दीपार ढकलायला बघत. लिटल लँगफर्डच्या बाप्तिस्म्यांत त्यानंतर नोंद सापडली. आधी आम्ही ती बापाच्या आडनावावर शोधत होतो. ती होती आईच्या.

दुसऱ्या दिवशी विशफर्डला, म्हणजे ग्रेट विशफर्डला, उतरलो. तिथल्या चर्चच्या आवारभिंतीत १८०० पासूनचे पावाचे भाव कोरलेले दगड आहेत, तेही गॅलनच्या मापात (तेव्हा पावालाही ते माप असे). नदीच्या दक्षिणेचा अरुंद रस्ता धरला की लिटल लँगफर्ड चालत गाठता येतं, आणि तसंच पुढे गेलं की हँगिंग लँगफर्ड आणि वायली. गाडीवाल्यांसाठी कडेला थांबायची तयारी ठेवा, फुटपाथ नाही.

लिटल लँगफर्डचं चर्च एकोणिसाव्या शतकात नव्यानं बांधलेलं. पण दक्षिणेच्या दाराची कमान जुनी, बाराव्या शतकातली. तीवर काठी धरलेला बिशप, खाली रानडुकराची शिकार, कुत्रे. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. कमान मात्र बाहेरूनही नीट दिसते.