बिबट्यानं काय खाल्लं?

आज चांदोलीत वनरक्षक दादांबरोबर पायपीट झाली. वाटेत बिबट्याची वाळलेली विष्ठा, पांढुरकी, केसांनी भरलेली, मध्ये हाडाचा कपचा. मी नाक मुरडलं. दादांनी हातमोजे घालून ती कागदी पाकिटात भरली, वर तारीख नि जीपीएसचे आकडे टाकले. हेच केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले की भेकर, सांबर की गावातली शेळी, ते कळतं. विष्ठा ताजी असेल तर डीएनएसुद्धा मिळतो. पावसानं धुतली की संपलं. आम्हाला मेलं फक्त वाघाचे फोटो हवेत! शिराळ्याकडं उसात बिबट्या दिसला की 'शेळ्या संपवणार हा' म्हणून बोंब उठते. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या शेतशिवारातल्या बिबट्यांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा पोटात शेळ्यांपेक्षा कुत्रीच कितीतरी जास्त निघाली होती.