मॉरिसचा आवाज शोधताना

रविवार, रात्री

दुपारपासून एकच अल्बम लावून बसले आहे. 'बी जीज् फर्स्ट', १९६७ सालचा. बी जीज् म्हणजे गिब भावांचा पॉप गट. त्यांचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांना 'सॅटरडे नाइट फीवर' हा सिनेमा आठवतो, पांढरे सूट आठवतात आणि तो उंच, पातळ आवाज आठवतो. त्या आवाजाचा इथे मागमूस नाही, तो त्यांना सापडला १९७५ च्या सुमारास. इथे तीन भाऊ आपापल्या मूळ आवाजात गातात. बॅरी गिब वीस वर्षांचा, रॉबिन आणि मॉरिस हे जुळे सतरा वर्षांचे. हे वय डोक्यात ठेवून ऐकलं की अंगावर काटा येतो.

नावात 'फर्स्ट' असलं तरी त्यांनी पहिल्यांदा गळा उघडला तो इथे नव्हे. जन्म आइल ऑफ मॅनचा, बालपण मँचेस्टरचं, आणि १९५८ साली सगळं बिऱ्हाड ऑस्ट्रेलियाला गेलं. ब्रिस्बेनजवळ रेडक्लिफ नावाचं गाव आहे. तिथल्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर, दोन शर्यतींच्या मधल्या वेळात ही पोरं गायची आणि लोकांनी फेकलेली नाणी वेचायची. ऑस्ट्रेलियात त्यांचे दोन अल्बम निघाले होते. १९६७ च्या सुरुवातीला कुटुंब बोटीने इंग्लंडला परतलं, रॉबर्ट स्टिगवूड या व्यवस्थापकाने करार केला आणि मार्चमध्ये लंडनच्या आयबीसी स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याच महिन्यात, त्याच शहरात बीटल्स 'सार्जंट पेपर' या अल्बमवर काम करत होते. जगासमोर बी जीज् आले ते या अल्बममधून, म्हणून तो पहिला.

सायकेडेलिक, म्हणजे त्या काळातला स्वप्नवत, भ्रमात नेणारा रंग त्यात आहेच. मुखपृष्ठ क्लाउस फोरमनचं, म्हणजे ज्याने बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं केलं होतं त्याचंच. गाण्यांची नावं पाहावीत: 'रेड चेअर, फेड अवे', 'ककंबर कॅसल', 'क्रेझ फिंटन कर्क रॉयल अकॅडमी ऑफ आर्ट्स'. हे शेवटचं गाणं रॉबिनचा आवाज आणि मॉरिसचा पियानो एवढ्यावरच उभं आहे आणि मला ते फार आवडतं. पण सगळ्यात विलक्षण सुरुवात आहे 'एव्हरी ख्रिश्चन लायन हार्टेड मॅन विल शो यू'ची. जुन्या मठात साधू लॅटिन स्तोत्र म्हणताहेत असा भारदस्त घोष उठतो, त्याच्याखाली मेलोट्रॉन. मेलोट्रॉन म्हणजे पेटीसारखी पट्ट्या असलेलं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा. पट्टी दाबली की फीत सरकते आणि त्यावर आधी भरून ठेवलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा स्वर वाजतो. साधारण आठ सेकंदांत फीत संपते, मग बोट उचलून पुन्हा दाबायचं. त्यामुळे त्या स्वराला एक किंचित आजारी, हलता पोत येतो. तोही मॉरिसच वाजवतो.

बासही त्याचा, पियानोही त्याचा. या अल्बममध्ये त्याने एकट्याने गायलेलं असं गाणं मात्र एकही नाही. आज मी ठरवलं आहे की त्याचाच आवाज शोधायचा.

सोमवार

आज फक्त 'न्यूयॉर्क मायनिंग डिझास्टर १९४१'. या अल्बमचं पहिलं सिंगल, जेमतेम दोन मिनिटांचं. शीर्षक न्यूयॉर्कचं असलं तरी त्यामागे वेल्समधलं अबरफॅन आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी कोळसा खाणीच्या राडारोड्याचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. त्यानंतर काही महिन्यांतच भावांनी हे गाणं रचलं. ते सांगायचे की पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीच्या इमारतीत वीज गेली होती, जिन्यात अंधार होता आणि आवाज घुमत होता. तिथे बसून त्यांना खाणीत अडकलेला माणूस सुचला.

गाण्यातला खाणकामगार शेजारच्याला आपल्या बायकोचा फोटो दाखवतो. वर काय चाललं असेल, लोक खणताहेत की आशा सोडून घरी गेलेत, असं विचारतो. आणि मग सांगतो की मोठ्याने बोलू नका, नाहीतर दरड कोसळेल. मी या ओळीवर अडकले. तिघांचे आवाज एकत्र येतात तेव्हा कुठल्याही गायकाला वाटणार की आता आवाज सोडावा, खुलून गावं. हे तिघे सोडत नाहीत. आवाज वाढतात, पण रुंदीने. जोर वाढत नाही. दरडीखाली बसलेली माणसं जितपत बोलतील तितपतच ते गातात. गाण्याचा अर्थ गायकीतून पाळलेला आहे, आणि हे सतरा-वीस वर्षांच्या मुलांनी केलं आहे. साथीला गिटार आणि मागे चेलो, बाकी सगळं आवरतं. बिल शेपर्ड हा त्यांचा वाद्यवृंद-संयोजक कुठे थांबायचं हे चांगलं जाणत होता.

बॅरीचा आवाज श्वासाने भरलेला आहे, शब्दाच्या शेवटी हवा सुटते. रॉबिनचा उलट. चिरका म्हणावा इतका धारदार, आणि त्यात एक थरथर, जणू रडू आवरून धरलंय. तो कानावर हात ठेवून गायचा, आपले शाहीर ठेवतात तसा. हे दोन आवाज नुसते एकावर एक ठेवले तर सांधा दिसेल. मला तो दिसत नाही, म्हणजे मध्ये कुणीतरी आहे.

२००६ साली या अल्बमची जी आवृत्ती निघाली तिच्यात स्टिरिओ आणि मोनो दोन्ही मिश्रणं आहेत. मी हेडफोनवर आधी स्टिरिओ ऐकलं, मग मोनो. स्टिरिओत वाद्यं आणि आवाज बाजूबाजूला मांडलेले, त्यामुळे शोधायला सोपं. मोनोत सगळं एका ठिकाणाहून येतं, तिथे तिसरा आवाज वेगळा काढता येत नाही, पण तो आहे हे छातीला कळतं. मला मोनो जास्त भावलं.

बुधवार

संध्याकाळी ताई आणि तिची लेक आली होती. मी त्यांना बसवलंच. म्हटलं, आपण तिघी गाऊन बघू. ताई सा धरेल, भाची पंचम आणि मी मधला गंधार. तानपुरा ॲपवर लावला. ताईचा सा म्हणजे भिंत आहे, हलत नाही. भाचीचा पंचमही चटकन लागला, तानपुऱ्यात तो वाजतच असतो ना. गंधाराला मात्र टेकायला कुठेच जागा नाही. खाली सा ओढतो, वर प ओढतो. त्यातून आम्ही दोघी बाईंकडे गाणं शिकलो ते एका आवाजाचं. साथीची पेटी गाणाऱ्याच्या मागून जाते, भजनी मंडळात टाळकरी बुवांचीच ओळ उचलून धरतात, सगळे एका सुरात. दुसऱ्याचा सूर कानात घुसत असताना आपला वेगळा सूर धरून ठेवायचा, ही तालीम आम्हाला मिळालेली नाही. गोव्यात मांडो दोन आवाजांत म्हणतात, वसईच्या चर्चमध्ये पोरं लहानपणापासून चार आवाजांत गातात. त्यांना हे अंगवळणी असणार.

तरी पाच-सहा सेकंद लागलं. तिन्ही सूर जागेवर बसले आणि खोलीत एक चौथाच आवाज उठला, कुणाच्याही गळ्यातून न आलेला. भाची एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "मावशी, हे कोण गायलं?" कुणी नाही गं, म्हटलं, तीन सूर नेमके जुळले की त्यांच्यातले वरचे उपस्वर एकमेकांत मिसळतात, तो हा आवाज. पुन्हा करूया म्हणाली. पुन्हा केलं.

नंतर ताईने एक नेमकी गोष्ट पकडली. आम्ही 'आ' लावला तेव्हा तिचं आणि माझं तोंड सारखंच उघडत होतं, भाचीचं वेगळं. ती बेंगळुरूत वाढली, तिचा 'आ' थोडा पुढून येतो. आमचा घरचा. गिब भावांचं हेच आहे. एका घरात, एकाच आईच्या बोलण्यावर वाढलेले, म्हणून स्वर एकाच आकाराचे. शब्द संपतो तिथे तिघांचा 'स' किंवा 'ट' एकाच क्षणी पडतो. लहानपणापासून एका मायक्रोफोनभोवती उभं राहून गायल्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हेही ठरवावं लागत नाही. गळे मात्र तीन तऱ्हांचे आहेत. उच्चार एक आणि पोत वेगळे, हे मिश्रण मला दुसऱ्या गटांत क्वचित ऐकू येतं.

गुरुवार

'हॉलिडे' लावलं. ऑर्गन, तंतुवाद्यं आणि रॉबिन. या गाण्यात तो जवळजवळ कुजबुजतो आणि मग बॅरी येऊन सामील होतो. 'टू लव्ह समबडी' हे बॅरीचं. स्टिगवूडने ते अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगसाठी लिहायला सांगितलं होतं. रेडिंग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात गेला, त्याच्याकडून ते राहूनच गेलं. १९६९ मध्ये नीना सिमोनने ते गायलं, जॅनिस जॉप्लिननेही. दोघींनी त्याची ताकद दाखवली हे खरं, पण मूळ गाण्यात धृवपदाला भावांचे आवाज मागून वर येतात तेव्हा बॅरी एकटा उरत नाही. प्रेम एकतर्फी असलेल्या माणसाच्या पाठीशी त्याचे भाऊ उभे आहेत असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मॉरिस २००३ मध्ये गेला, रॉबिन २०१२ मध्ये. मॉरिसबद्दल लिहिताना लोक बहुधा त्याचा मनमिळाऊ स्वभाव सांगतात, भावांच्या भांडणात मध्यस्थी करायचा हे सांगतात. मला ते या ध्वनिमुद्रणातच ऐकू येतं. रॉबिन वर जातो तेव्हा मॉरिस त्याच्याखाली सरकतो, बॅरी खाली येतो तेव्हा तो बाजूला होऊन जागा देतो. त्याची स्वतःची ओळ तोडून गुणगुणली तर ती साधी, जवळजवळ कंटाळवाणी आहे, तीन-चार सुरांतच फिरणारी. ती काढून टाकली तर गाणं उभं राहणार नाही.

भाचीचा आत्ताच मेसेज आला. तिला 'प्लीज रीड मी' बसवायचं आहे आणि या वेळी मधला आवाज तिला हवा आहे. मी पंचमावर जाईन. ताईला अजून विचारलेलं नाही, पण ती सा सोडणार नाही.