भिंतीत मुरलेले औषध

त्या वर्षी आम्ही कर्करोगाच्या पेशींवर एका औषधाची मात्रा तपासत होतो. नेहमीच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ज्या मात्रेला बहुतेक पेशी मरत, त्याच मात्रेला आमच्या चिपवरच्या, म्हणजे केसाएवढ्या बारीक वाहिन्या असलेल्या छोट्या पट्टीतल्या, पेशी निवांत जगत होत्या. माझ्या विद्यार्थिनीने प्रयोग तीनदा केला आणि तिन्ही वेळा मी तिच्या वहीच्या समासात लाल शाईने 'द्रावण नीट पातळ केले होते का?' असे लिहिले. चूक तिच्या हाताची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

चिप पीडीएमएस या सिलिकॉन रबराची होती. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये या पदार्थापासून झटपट चिप बनवण्याची रीत मांडली आणि आमच्या क्षेत्राचे चित्रच पालटले: मूळ द्रव आणि घट्ट करणारे द्रव्य १० : १ प्रमाणात मिसळायचे, साच्यावर ओतून भट्टीत ठेवायचे आणि तयार झालेला थर सोलून काचेवर चिकटवायचा. तो पारदर्शक असतो, शिवाय त्यातून प्राणवायू आरपार जात असल्याने आतल्या पेशी गुदमरत नाहीत.

चौथ्या वेळी तिने मला न विचारता औषधाऐवजी नाईल रेड हा चमकणारा, पाण्यापेक्षा तेलकट पदार्थांत रमणारा रंग वाहिनीतून सोडला, नंतर तासभर स्वच्छ द्रावणाने वाहिनी धुतली आणि मला सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बोलावले. "सर, आता बघा." वाहिनीचा मधला पट्टा काळाभोर होता, दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र उजळलेल्या होत्या आणि ती चमक कडेपासून रबराच्या आत विरत गेली होती, जणू टीपकागदात शाई पसरावी.

त्या वाहिनीची रुंदी १०० मायक्रोमीटर, उंची ५० मायक्रोमीटर आणि लांबी १ सेंटीमीटर. तिच्यात जेमतेम ५० नॅनोलिटर द्रव मावतो. ड्रॉपरच्या एका थेंबात अशा हजारभर वाहिन्या भरतील. इतक्याशा द्रवाला तीन बाजूंनी रबर भिडलेले असताना पाण्यात अवघडून राहणारे औषधाचे लहान रेणू रबरात शिरणार, हे उघड होते. टोप्की आणि बीबी या संशोधकांनी २००६ मध्ये हेच, आणि तेही नाईल रेड वापरूनच, दाखवले होते. लाजिरवाणी गोष्ट अशी की तो शोधनिबंध मी दर वर्षी वर्गात शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी चिपमधून बाहेर पडणारे द्रावण तपासले, तेव्हा त्यात आत सोडलेल्या औषधाचा थोडाच अंश उरलेला आढळला. मग औषध न शोषणाऱ्या प्लास्टिकची चिप करवून घेतली आणि तिच्यात पेशी प्लेटमधल्यासारख्याच मेल्या. लिहून होत आलेल्या शोधनिबंधातील दोन आलेख काढून टाकावे लागले. वहीतल्या माझ्या तिन्ही शेऱ्यांवर मी तिच्यासमोर काट मारली आणि खाली सही केली.