ओढा गप्प झाला म्हणून जाग आली

आमचं घर डोंगराच्या पायथ्याला, ओढ्यापासून असेल पन्नासेक पावलांवर. पावसाळ्यात त्याचा आवाज इतका सवयीचा की त्याच्याशिवाय झोप लागत नाही. त्या रात्री दीडच्या सुमारास जाग आली ती आवाजाने नाही, आवाज गेल्यामुळे. पाऊस धो धो चालूच आणि ओढा गप्प. मी म्हटलं बरं झालं, उतरलं पाणी. सासूबाई अंथरुणात उठून बसलेल्या, म्हणाल्या, "पाऊस थांबला नाही अन् पाणी कसं उतरंल गं? वर कुठंतरी अडलंय ते. उठव सगळ्यांना."

बरोबर होत्या त्या. वर दरड कोसळून नाहीतर झाडं आडवी पडून पाणी तुंबतं, आणि तो अडसर फुटला की चिखल, दगड, ओंडके सगळं एकदमच खाली येतं, मग पळायला मिनिटंच मिळतात.

नवरा म्हणे गाडी काढतो. यावरून आमचं अंधारातच भांडण, कारण रस्ता जातो फरशी पुलावरून. 30 सेंटीमीटर वाहतं पाणी छोटी कार ढकलत नेतं, 60 ला जीपसारख्या गाड्याही वाहून जातात, आणि जोरात वाहत असेल तर 15 सेंटीमीटरलाच माणसाचे पाय सुटतात. शिवाय रात्री पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय ते कुणाला दिसतंय? गाडी राहिली दारात.

जमीन अजून कोरडी होती म्हणून मेन स्विच बंद केला (पायाखाली पाणी असतं तर हात लावला नसता), गुरांची दावी सोडली, टॉर्च, फोन आणि सासूबाईंच्या गोळ्या घेतल्या. माझी चूक म्हणजे मी कागदपत्रांची फाईल शोधत बसले, पाच मिनिटं गेली, आणि सापडली नाहीच. खालच्या घरांना फोन लागेना पण मेसेज गेला, वर थाळी बडवत ओरडलो ते वेगळं.

घरामागची घळ ही चढायची जवळची वाट, पण पाणी आणि दरड दोन्ही घळीतूनच उतरतात, म्हणून लांब पडलं तरी बाजूच्या सोंडेवर चढलो. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, मध्येच मला दटावलं, "हात सोड, काठी दे." अर्ध्यावर होतो तेवढ्यात जमीन थरथरली, ओल्या मातीचा उग्र वास आला आणि खाली दगडावर दगड आपटल्याचा आवाज. दिसलं काहीच नाही, ते बरंच झालं.

तीनला पाऊस कमी झाला, सगळे भिजून कुडकुडत होते, नवरा म्हणाला चला आता खाली. सासूबाई हलल्या नाहीत. चारच्या आसपास दुसरा लोंढा आला.

उजाडल्यावर बघतो तर घरात खिडकीपर्यंत चिखलाची रेघ. विहीर गढूळ, त्यामुळे ते पाणी प्यायचं नाही असं ठरलं, उकळून जंतू मरतात पण त्यात मिसळलेलं डिझेल नाहीतर फवारणीचं औषध जात नाही. पसारा हाताने उचलायचा नाही, आधी काठीने हलवायचा, तरी पाटाखाली साप निघालाच.

फाईल दाराशेजारच्या पिशवीतच होती, मीच आठवड्यापूर्वी ठेवलेली. आणि गाडी सापडली खालच्या वळणावर, झाडाला अडकलेली, सीटवर वीतभर वाळू. नवरा त्यावर अजून काही बोललेला नाही.